वळवाचा वारा आणि नदीतील होडी

महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या नद्यांवर पूल झाले, पक्के रस्ते झाले, एस. टी. गाड्या खेडोपाडी पोहोचल्या. तथापि होडीचे दिवस संपले आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. उलट, धरणांच्या फुगवट्याने जेथे गावागावांच्या मधोमध विस्तीर्ण जलाशय पसरले, तेथे पूर्वी पायउताराने ओलांडली जाणारी नदी आज होडीवाचून ओलांडता येत नाही. बाजारहाट, शेतावरची ये-जा, सोयरीक, देवदर्शन, दवाखाना अशा नित्याच्या कामांसाठी अनेक गावांतील माणसे खाजगी होडीवर अवलंबून आहेत. या होड्या लहान असतात, त्यांचे मालक बहुधा मच्छिमार किंवा शेतकरी असतात आणि त्यांचा सारा व्यवहार परस्परांच्या ओळखीवर व विश्वासावर चालतो.

हवा शांत असते तोवर या विश्वासाला तडा जात नाही. परंतु हवामान बिघडले म्हणजे काय होते, याचे दुःखद प्रत्यंतर २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात आले. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातील कुगाव येथून पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली एक होडी सायंकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. होडीतील एक जण पोहत काठास लागला. सहा जणांचे प्राण गेले. त्यांत दोन लहान मुले होती. आसामात धुबरी जिल्ह्यात ३० एप्रिल २०१२ रोजी ब्रह्मपुत्रेवर वादळात सापडून प्रवाशांनी भरलेली नौका बुडाली, तेव्हा मृतांची संख्या शंभराहून अधिक होती. दोन नद्या एकमेकींपासून फार दूर आणि नौकांचे आकारही वेगळे. पण काळ तोच, पावसाळ्यापूर्वीचा, आणि कारणही तेच, अकस्मात सुटलेला वारा.

असे अपघात केवळ दैवाने घडतात, ही समजूत सर्वस्वी खरी नाही. वारा कधी सुटतो, लाट कशी वाढते आणि होडी कोणत्या क्षणी पाणी घेते, यांना निश्चित नियम आहेत. ते समजून घेतल्यास एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की, होडीचा जीव वाचविणारा निर्णय पाण्यावर नव्हे, तर काठावर, दोर सोडण्यापूर्वी घ्यावयाचा असतो.

धरणाने पालटलेली नदी

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी साठविणाऱ्या या धरणाचा फुगवटा सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांतील गावांच्या शिवारांपर्यंत पोहोचतो. जुन्या नदीला दोन्ही बाजूंस उंच काठ होते, काठावर झाडी होती, पात्र वळणावळणाचे होते. त्यामुळे वारा सुटला तरी त्याला पाण्यावर फार अंतर मोकळेपणाने धावता येत नसे. जलाशयात हा आडोसा नाहीसा होतो. मैलोगणती उघडे पाणी वाऱ्यापुढे पडते आणि नदी समुद्राच्या खाडीप्रमाणे वागू लागते.

नावाड्यांच्या जुन्या अनुभवालाही या बदलामुळे मर्यादा पडल्या आहेत. वाहत्या नदीचे ज्ञान म्हणजे प्रवाह, डोह, खडक आणि उतार यांचे ज्ञान. जलाशयात प्रवाह जवळजवळ नसतो. तेथे खरा धोका वाऱ्याचा असतो. पाणी कमी झाले म्हणजे धोका टळला, असेही नाही. २०२४ च्या मे महिन्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरले होते. तरीही नदीच्या मूळ पात्रावर बुडण्यास पुरेसे खोल पाणी होतेच. शिवाय पाणी उतरले की बुडालेल्या घरांच्या भिंती, झाडांची खोडे, जुने बांध पृष्ठभागाच्या जवळ येतात आणि होडीच्या तळाला लागतात.

वारा पावसाच्या आधी येतो

एप्रिल, मे आणि जूनचा पूर्वार्ध हा आपल्याकडे वळवाचा काळ. दिवसभर तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर चढते, तिच्यातील बाष्पाचे उंच उंच ढग बनतात आणि दुपार कलल्यानंतर गडगडाटासह पाऊस सुरू होतो. हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्यातील एक भाग होडीने प्रवास करणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ढगातून पाऊस पडू लागला की त्याच्या सोबत थंड व जड झालेली हवा वेगाने खाली कोसळते. जमिनीवर आदळल्यावर तिला खाली जाण्यास वाव राहत नाही, म्हणून ती चहूबाजूंस पसरते. हाच तो सोसाट्याचा गार वारा. तो पावसाच्या पुढे कित्येक किलोमीटर धावतो. म्हणून ‘पाऊस अजून लांब आहे, तोवर पलीकडे जाऊ’ हा हिशेब मुळातच चुकीचा ठरतो. पाऊस लांब असतो, पण वारा जवळ आलेला असतो.

हा हिशेब आकड्यांत मांडून पाहावा. मेघगर्जना साधारणतः पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येते. समजा, ढग दहा किलोमीटरवर आहे आणि त्याच्या पुढचा वारा ताशी चाळीस किलोमीटर वेगाने येत आहे. तो आपल्यापर्यंत पंधरा मिनिटांत पोहोचेल. साध्या इंजिनाची भरलेली होडी ताशी आठ किलोमीटर वेगाने जात असेल, तर पंधरा मिनिटांत ती दोन किलोमीटर जाईल. जलाशयाची रुंदी तीन किलोमीटर असल्यास, वारा आला त्या क्षणी होडी दोन्ही काठांपासून दूर, उघड्या पाण्यात असणार. याचा अर्थ असा की, गर्जना ऐकू आल्यावर निघालेली होडी वेळेवर पोहोचेल याची कोणतीही खात्री नसते.

वीज चमकल्यानंतर आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजावेत व त्यांस तीनाने भागावे. येणारा आकडा म्हणजे विजेचे किलोमीटरमधील अंतर. तीस सेकंदांच्या आत गर्जना ऐकू आली तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी होडी सोडू नये, आणि शेवटच्या गर्जनेनंतर निदान अर्धा तास थांबावे. उघड्या पाण्यावर होडी व तीतील माणसे हीच सर्वांत उंच वस्तू असल्याने विजेचे भय तेथे अधिक असते, हेही विसरता कामा नये.

या खेरीज डोळ्यांना दिसणारी लक्षणे आहेत. दिवसभर उकडत असताना वारा एकाएकी पडणे. पश्चिमेस वा अन्य दिशेस ढगाचा काळा, सपाट तळ दिसणे. क्षितिजावर धुळीची भिंत उठणे. गार झुळूक अंगावर येणे. आणि दूरवरच्या पाण्यावर काळसर, खरखरीत रेघ उमटून ती आपल्याकडे सरकत येणे. ही शेवटची खूण दिसली म्हणजे वारा पाण्यावर उतरला आहे आणि हाताशी काही मिनिटेच उरली आहेत, असे समजावे.

लाट कशी वाढते

पाण्यावरील लाटेची उंची तीन गोष्टींवर अवलंबून असते: वाऱ्याचा वेग, वारा वाहत राहण्याचा काळ आणि वाऱ्याला मिळणारी उघड्या पाण्याची लांबी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. पाच किलोमीटरच्या उघड्या पाण्यावर ताशी पन्नास किलोमीटर वेगाचा वारा तासभर वाहत राहिला, तर लाटा दीड ते दोन फुटांपर्यंत उठू शकतात. वळवाचा झोत बहुधा तासभर टिकत नाही; त्यामुळे लाटा इतक्या उंच होण्यापूर्वीच तो ओसरतो. परंतु लहान होडीला बुडविण्यास एक फुटाची लाटही पुरते.

या लाटा समुद्राच्या लाटांसारख्या लांबट नसतात. त्या आखूड, उभ्या आणि एकापाठोपाठ एक येणाऱ्या असतात. एका लाटेतून होडी सावरते न सावरते तोच दुसरी येऊन आदळते. ज्या काठाकडून वारा येतो त्या काठाजवळ पाणी बरेच शांत असते आणि ज्या काठाकडे वारा जातो तेथे लाटा सर्वांत मोठ्या असतात. निघताना पाणी शांत दिसले म्हणून पलीकडेही ते शांत असेल असे मानणाऱ्यांची फसगत होते, ती यामुळेच.

होडीची कड आणि ओझ्याचा हिशेब

होडीची जी कड पाण्याच्या वर राहते, तीच तिची खरी शिल्लक. ही शिल्लक ओझ्याने किती झपाट्याने खर्ची पडते, हे एका साध्या उदाहरणावरून कळेल. सुमारे सहा मीटर लांब आणि दीड मीटर रुंद अशी एक होडी घेऊ. तिच्या दोन्ही टोकांची निमुळती जागा वजा करता ती पाण्यावर साधारण सहा चौरस मीटर जागा व्यापते. म्हणजे ती एक सेंटीमीटर खाली जाण्यास साठ किलो वजन पुरते. थोडक्यात, एक माणूस म्हणजे एक सेंटीमीटर.

रिकाम्या होडीची कड पाण्यापासून पंचेचाळीस सेंटीमीटर वर आहे असे धरू. नावाड्यासह पंधरा माणसे बसली की पंधरा सेंटीमीटर गेले. दोन मोटारसायकली चढविल्या की आणखी चार, आणि धान्याची वा खताची पाच पोती ठेवली की आणखी चार. उरले बावीस सेंटीमीटर. तळात केवळ बोटभर, म्हणजे अडीच सेंटीमीटर पाणी साचले तर त्याचे वजन दीडशे किलो भरते आणि शिल्लक वीसच्या खाली येते. आता वारा आला, प्रवासी घाबरून एका बाजूस सरकले आणि होडी जेमतेम सहा अंशांनी कलली, तरी त्या बाजूची कड सुमारे आठ सेंटीमीटरने खाली जाते. शिल्लक राहते बारा सेंटीमीटर. एक फुटाच्या लाटेचा माथा पाण्याच्या सरासरी पातळीपेक्षा पंधरा सेंटीमीटर वर असतो. या स्थितीत पाणी होडीत येणार, हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

आत आलेले पाणी स्थिर राहत नाही. होडी ज्या बाजूस कलते त्याच बाजूस ते धावते आणि तिला अधिक कलविते. उभे राहिलेले प्रवासी व आडव्या दांड्यावर उंच ठेवलेले सामान यांमुळे भाराचा मध्य वर जातो आणि होडी अधिकच डळमळते. अनेक होड्या बुडतात त्या पाण्याने तुडुंब भरून नव्हे, तर प्रवासी एकदम उठून एका बाजूस गेल्याने उलटून.

याच होडीत सात माणसे बसली आणि मोटारसायकली व पोती काठावर राहिली, तर कड अडतीस सेंटीमीटर वर राहते. तथापि गर्दी नसली म्हणजे होडी वादळात सुरक्षित असते, असा अर्थ यातून काढू नये. उजनीतील होडीत मोजकीच माणसे होती. ओझे कमी असल्याने संकटात सावरण्यास थोडा अवसर मिळतो, एवढेच. वाऱ्याला उत्तर ओझे कमी करणे हे नसून न निघणे हेच आहे.

पुराचे पाणी: वेगळा धोका

पावसाळ्यात वळवाची जागा पूर घेतो आणि धोक्याचे स्वरूप पालटते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर नेणारी होडी उलटून सतरा जणांचा अंत झाला. सुटकेसाठी निघालेल्या होडीवर क्षमतेपेक्षा अधिक माणसे चढली होती. संकटातील माणसांना ‘पुढच्या खेपेला या’ असे सांगणे किती कठीण असते, हे कोणीही समजू शकेल. परंतु ते सांगण्याचा अधिकार कोणाला तरी आधीच दिलेला असावा लागतो.

पुरात प्रवाहाचे गणित करावे लागते. प्रवाह ताशी दहा किलोमीटर आणि होडी ताशी आठ किलोमीटर असेल, तर ती प्रवाहाविरुद्ध जाऊच शकत नाही. तीनशे मीटर रुंदीचे पात्र ओलांडण्यास तिला सव्वादोन मिनिटे लागतील आणि तेवढ्या वेळात ती पावणेचारशे मीटर खाली वाहून जाईल. त्या अंतराच्या आत पूल किंवा बंधारा असेल तर परिणाम उघड आहे. पुलाच्या खांबाला होडी आडवी लागली की प्रवाह तिला क्षणात उलटवितो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी जात असता वरून फक्त एक गुळगुळीत वाकण दिसते. परंतु बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी उलटे गरगरत असते आणि त्यात सापडलेली होडी वा माणूस सहजी बाहेर पडत नाही. म्हणून पुलाच्या व बंधाऱ्याच्या वरच्या अंगाने पुरात होडी घालू नये.

पूर शेतात व वस्तीत शिरला की पाण्याखाली काटेरी तारांची कुंपणे, विहिरी, उसाचे फड आणि पाण्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा असतात. वाहत आलेली झाडे व गवत इंजिनाच्या पंख्यात अडकले की होडी निराधार होते. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात पूर्वी गुळाची काहील पाण्यात सोडून माणसे पूर ओलांडीत. त्या धाडसाचे कौतुक करावे, पण अनुकरण करू नये. गोल, उथळ काहिलीला दिशा देता येत नाही आणि ती कललेली सोसत नाही.

नाशिक जिल्ह्यात उगम पावणाऱ्या गोदावरीवर, आंध्र प्रदेशातील पापिकोंडा डोंगरांच्या अरुंद खिंडीत, १५ सप्टेंबर २०१९ रोजी एक खाजगी पर्यटन नौका कच्चुलुरू येथे बुडून अनेक प्रवासी मृत्यू पावले. नदीला त्या दिवशी सुमारे पाच लाख क्युसेक पाणी होते. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर. खिंडीत पात्र अरुंद होते, पाणी वळणावर भोवरे घेते आणि मोठी नौकाही सुकाणूस दाद देईनाशी होते. नौका मोठी व यांत्रिक असली म्हणजे पूर तिला सोडतो असे नाही, हाच या अपघाताचा धडा होय.

कोकणात याहून निराळी परिस्थिती असते. सावित्री, वाशिष्ठी यांसारख्या नद्या पश्चिमेस वाहतात, तर पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. ओहोटीचे पाणी बाहेर निघालेले आणि वारा समोरून आलेला, असे झाले की खाडीच्या मुखाशी लाटा आखूड व उभ्या होतात. तीच खाडी भरतीच्या वेळी, वारा व प्रवाह एका दिशेने असता, बरीच सौम्य असते. म्हणून तेथे केवळ वारा पाहून चालत नाही; भरती-ओहोटीची वेळही पाहावी लागते.

वादळाने पाण्यावर गाठल्यास

सर्व काळजी घेऊनही क्वचित प्रसंगी वादळ वाटेत गाठते. अशा वेळी पुढील गोष्टी उपयोगी पडतात. पोहण्याचा अंगरखा, म्हणजे लाइफ जॅकेट, प्रत्येकाच्या अंगावर निघण्यापूर्वीच असावा. वादळात तो शोधून, उलगडून अंगात घालणे शक्य होत नाही. सर्वांनी होडीच्या तळावर, मध्यभागी, बसावे. उभे राहू नये व जागा बदलू नये. सावलीसाठी बांधलेले कापड किंवा ताडपत्री ताबडतोब उतरवावी, कारण ती शिडाप्रमाणे वारा धरते आणि होडीला कलविते.

नावाड्याने वेग कमी करून होडीचे पुढचे टोक लाटांकडे, किंचित तिरपे, ठेवावे. होडी लाटांना आडवी पडू देऊ नये. घाईघाईने वळवूही नये. आपण ज्या गावाला निघालो ते गाव त्या क्षणापुरते विसरावे. जवळ असलेला आणि जिकडून वारा येतो तो आडोशाचा काठ, हाच त्या वेळचा मुक्काम होय. इंजिन बंद पडल्यास पुढच्या टोकाला लांब दोर बांधून नांगर टाकावा. पाणी खोल असल्यास दोराला बादली बांधून सोडावी; ती पाण्यात ओढ धरते व होडीचे तोंड वाऱ्याकडे राहते. आत येणारे पाणी डब्याने सतत उपसावे; एक माणूस त्या कामासाठी निघण्यापूर्वीच नेमलेला असावा.

होडी उलटलीच, तर ती तरंगत असेल तोवर तिला धरून राहावे. काठ डोळ्यांना जवळ दिसतो, पण लाटांत पोहण्याचे अंतर फार मोठे होते. लाकडी होडी उलटूनही बहुधा तरंगते. पत्र्याची होडी मात्र तळाशी जाऊ शकते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांशी हवाबंद पिंपे किंवा थर्मोकोलचे ठोकळे पक्के बसवावेत. बूच घट्ट बसविलेला पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्यात सुमारे पाच किलोचा उचल देतो. तो लाइफ जॅकेटची जागा घेऊ शकत नाही, पण बुडणाऱ्याच्या दिशेने फेकण्यास तो गावात सहज मिळणारा आधार आहे.

कायदा आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी

नदीवरील तरींचे नियमन ही नवी कल्पना नव्हे. मुंबई इलाख्यात त्यासाठी १८६८ मध्येच कायदा झाला होता. देशासाठी १९१७ चा जुना अधिनियम बाजूस सारून ‘अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१’ करण्यात आला. यांत्रिक नौकांची तपासणी, नोंदणी, विमा, चालकाची पात्रता व जीवरक्षक साधने यांबाबत त्यात तरतुदी आहेत. इंजिन नसलेल्या होड्यांची नोंद जिल्हा, तालुका वा ग्राम पातळीवर करण्याची कल्पनाही त्यात अंतर्भूत आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये नौका-सुरक्षेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात.

परंतु वादळ येते ते सायंकाळी सहा वाजता, आणि त्या वेळी धक्क्यावर नावाडी व प्रवासी यांखेरीज कोणी नसते. नावाड्याचे उत्पन्न माणशी भाड्यावर चालते. शिवाय प्रवासी ओळखीचे, नात्यातले असतात. कोणाला लग्नघरी पोहोचावयाचे असते, कोणाचे आजारी माणूस पलीकडे असते. ‘एवढी एक खेप कर’ या आग्रहापुढे एकट्या नावाड्याने नकार देणे अवघड असते. त्याने नकार दिला तर तो गावाला अडवतो असे म्हटले जाते. होडी सोडली आणि काही विपरीत घडले, तर सारा दोष त्याच्या माथी येतो. हे ओझे त्याच्यावर एकट्यावर ठेवणे न्याय्य नाही आणि सुरक्षितही नाही.

यासाठी काठावरच्या गावांनी पुढील व्यवस्था करण्यास फार मोठा खर्च येणार नाही. ग्रामसभेच्या ठरावाने धक्क्यावर एक उंच काठी उभारावी व तीवर लाल निशाण चढविण्याचा अधिकार दोन-तीन जबाबदार व्यक्तींना द्यावा. भारतीय हवामान विभागाने जिल्ह्यासाठी नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल, पुढील तीन तासांसाठी वादळाची तातडीची सूचना आली असेल, मेघगर्जना ऐकू येत असेल किंवा धरणातून विसर्ग वाढविल्याची सूचना मिळाली असेल, तर निशाण चढावे. निशाण वर असताना कोणीही होडी सोडू नये व कोणी तसा आग्रहही धरू नये. मग नकार हा नावाड्याचा राहत नाही, तो गावाचा होतो. समोरच्या काठावरील गावानेही तोच नियम स्वीकारला पाहिजे. अन्यथा एका काठावर थांबलेली होडी दुसऱ्या काठावरून निघेल.

याच ठरावात होडीची क्षमता ठरवावी. शांत पाण्यात होडी भरून, तिची कड पुरेशी वर असताना, बाहेरील बाजूस पांढऱ्या रंगाने ठळक रेषा आखावी. रेषा पाण्याखाली गेली की ओझे जास्त झाले, हे शाळकरी मुलालाही दिसेल. माणसांची संख्या अक्षरात व अंकात होडीवर लिहावी. मोटारसायकली व पोती यांची खेप माणसांच्या खेपेपासून वेगळी करावी. सूर्यास्तानंतर प्रवासी वाहतूक बंद ठेवावी. धक्क्यावर ११२ व जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक लिहावेत आणि गावातील पट्टीच्या पोहणाऱ्यांची नावे तेथे ठेवावीत. ग्रामनिधीतून किंवा लोकवर्गणीतून लाइफ जॅकेट घेतल्यास ती होडीत असावीत. कार्यालयातील कपाटात नव्हेत.

थांबण्याची सोय केल्यावाचून थांबण्याचा नियम टिकत नाही, हेही लक्षात घ्यावे. धक्क्यापाशी साधी, पण पक्की निवारा-शेड असली, तर माणसे पावसात भिजण्याऐवजी तेथे तासभर बसतील. दीर्घ मुदतीचा उपाय अर्थातच पूल हा आहे. उजनी जलाशयावर शिरसोडी व कुगाव यांना जोडणारा पूल मंजूर झाला आहे. परंतु प्रत्येक धक्क्यावर पूल होणे शक्य नाही, आणि होईतो होडी चालणारच आहे.

शाळेतील पाठ

काठावरील शाळांमधील शिक्षकांना या कामी मोठा वाटा उचलता येईल. घमेले, पाणी व वजने घेऊन होडीच्या कडेचा हिशेब वर्गात करून दाखविता येतो. वजन मध्ये ठेवल्यास काय होते, एका बाजूस ठेवल्यास काय होते, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. वीज व गर्जना यांमधील सेकंद मोजणे हा गुणाकार-भागाकाराचाच पाठ आहे. हवामान विभागाच्या इशाऱ्यांचे रंग, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेल्या ‘दामिनी’ या ॲपवरील विजेची सूचना, धरणाच्या विसर्गाचे आकडे हे सारे फळ्यावर रोज लिहिता येईल. मुले घरी जाऊन ते सांगतात, आणि ‘आज निशाण वर आहे’ असे लहान मुलाने म्हटले की मोठी माणसेही थांबतात.

नदी ही काठावरच्या माणसांची परकी नव्हे. तिच्या पाण्यावर त्यांची शेते पिकतात, तिच्यातील मासळीवर अनेकांचे संसार चालतात आणि पलीकडच्या गावाशी त्यांचे नातेही तीच जोडते. तिचे भय बाळगण्याचे कारण नाही. तिचे नियम पाळण्याचे मात्र आहे. वळवाचा वारा बहुधा तासाभरात ओसरतो. तो तास काठावर काढण्याची शिस्त गावाने एकदा अंगी बाणविली, तर होडी दुसऱ्या खेपेलाही निघेल आणि तीत बसलेली माणसे सायंकाळी आपापल्या घरी पोहोचतील.